समुद्र न दिसणारी खिडकी

आई गेल्यावरची ही पहिली सुट्टी. समुद्रकाठचं तेच शांत गाव, तेच भाड्याचं घर. "जरा हवापालट होईल," म्हणत बाबांनीच हट्ट धरला होता. किल्ली द्यायला घरमालकीण आली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याशी घुटमळली. "यंदा तुमच्या स्वयंपाकीणबाई नाही आल्या?" तिने विचारलं. "तुम्ही सगळे पाण्यात, आणि त्या बिचाऱ्या या खिडकीपाशी. खिडकीतून दिसते काय, तर मागची भिंत! मी म्हटलं, बाई, पाय तरी भिजवून या. तर म्हणाल्या, सगळे भुकेले येतील हो." मुलीने बाबांकडे पाहिलं. ‘ती माझी बायको होती,’ एवढंच त्यांनी सांगावं. सांगणं त्यांचं काम होतं, तिचं नव्हे. बाबांनी घसा खाकरला, चष्मा पुसला. "नाही आल्या," ते म्हणाले. "हाताला चव असलेली दुसरी कुणी मिळेल का इथे?"