तेल चढेपर्यंत

जीप खडखडली नाही. रूपेशने स्टार्टर मारला, इंजिन एका दमात सुरू झालं आणि शहाण्यासारखं चालत राहिलं. ऑइलचा काटा लगेच वर गेला. रूपेशने बोनेटवर थाप मारली आणि मोठ्या कौतुकाने बापाकडे बघितलं. बाप म्हणजे केरू, याच जीपमधून उमर जाईपर्यंत मुरबाडच्या शिटा वाहिलेला ड्रायव्हर. त्याचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

म्हाताऱ्याला नीट उमगलं नसेल, असं वाटून रूपेश समजावायला लागला. जुन्या इंजिनचा फिल्टर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं तेल सगळं खाली चेंबरात उतरायचं. सकाळी ते परत वर चढेपर्यंत इंजिन कोरडंच खडखडायचं. आता फिल्टर नव्या तऱ्हेचा, आत रबरी पडदा, तो तेलाला उतरूच देत नाही. तो या जुन्या इंजिनला बसावा म्हणून रूपेशने शहापूरच्या लेथवर खास अडॅप्टर करून घेतला होता.

आता हे केरूला कुणी शिकवायचं? रूपेशच्या जन्माआधीपासून त्याला ते ठाऊक होतं. मुरबाडचा एक मेस्त्री तर तेव्हाच यावर काहीतरी इलाज करून देतो म्हणत हात धुऊन मागे लागला होता. केरूने त्याला कधी दाद दिली नाही. ती खडखड त्याच्या कामाची होती.

त्या काळी जीप रात्री वैशाखऱ्याच्या फाट्यावर मुक्कामाला असायची आणि सकाळची पहिली फेरी तिथूनच सुटायची. शिटा दाटीवाटीने बसलेल्या, टपावर भाजीच्या पाट्या, एकदोघं मागे लोंबकळत. आणि वरच्या वस्तीतली धोंडाबाई, मुरबाडला शिवणक्लासला जाणारी, रोज उशिरा. एक दिवस वेळेवर येईल तर शपथ! केरू स्टार्टर मारायचा. इंजिन खडखडलं की शिटा घाबरून गप्प. खडखड तशी लगेच थांबायची, पण केरू खाली उतरून बोनेट उघडायचा, आत डोकं घालायचा आणि गंभीरपणे सांगायचा, की तेल चढतंय, घाई केली तर इंजिन बसेल, मग जा मुरबाडपर्यंत चालत. एक डोळा तेवढा पायवाटेवर. वळणावर धोंडाबाईची पिवळी पिशवी दिसली की इकडे तेल चढलंच. ती धापा टाकत यायची, पदर सावरून मागे बसायची आणि केरू गाडी सोडायचा.

पुढे दोघांचं लग्न झालं, टोकावड्याला संसार झाला, पोरं झाली. ही गोष्ट मात्र केरूने तिला कधी सांगितली नाही. पुरुषमाणसाने असलं काय सांगायचं, आणि सांगितलं असतं तर तिने जन्मभर छळलं असतं. जीप आता भीमजयंतीला नाहीतर घरच्या कार्यालाच बाहेर निघायची. निघताना ती खडखडली की केरू आतल्या आत खुलायचा. म्हातारपणी तेवढीच चैन उरली होती बिचाऱ्याची.

"काढ ते," केरू म्हणाला. "जुना डबा लाव परत."

रूपेशचा चेहरा उतरला. आपल्या मनाने केलं नाही, असं तो म्हणाला. आईच महिनाभर मागे लागली होती, ती खडखड एकदाची बंद कर म्हणून.

केरूच्या काळजात चर्र झालं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याने चार शिव्या हासडल्या असत्या. पण धोंडाबाईने? म्हणजे तिला इतक्या वर्षांत काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं. तिच्या लेखी ती नुसती कटकट होती. त्याला फार वाईट वाटलं, अगदी रडू येईलसं.

आज जायचं होतं तिच्याच माहेरी, वैशाखऱ्याला, भाचीच्या साखरपुड्याला. धोंडाबाई गुडघे सांभाळत आली आणि पुढच्या सीटवर बसली. रूपेश नवा फिल्टर काढायला पाना आणायला घरात गेला. केरू इंजिन बंद करून स्टेअरिंगवर तोंड पाडून बसला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पदराआड हसली.

"अवो, मी उशिरा कधी आलीच नाय," ती म्हणाली. "वळणावर करवंदीची जाळी होती ना, तुम्ही स्टार्टर मारायच्या आधीच येऊन तिच्यामागं उभी राहायची. बघायची, माझ्यासाठी तेल किती वेळ चढतंय."

केरूने वळून विचारलं, मग त्या धापा?

"थोडी पळायची शेवटाला. बरं दिसाया नको?"

त्याला हसावं की रागवावं कळेना. इतक्या साऱ्या सकाळी बोनेटात डोकं घालून तो उभा राहिला, आणि ही बाई जाळीमागून बघत होती! कान तापले त्याचे, या वयात.

"मग ही खडखड काढायला कशाला लावलीस गो?"

धोंडाबाईने पदर नीट खोचून घेतला.

"आता कुणासाठी थांबायचंय? मी बसलेय ना शेजारी."