मैदानाच्या कडेला

शनिवारची मॅच संपेपर्यंत मी अन्नाला शिवत नाही. माझ्या ट्रेंटला एकदा तरी मैदानात उतरव, एवढंच मेरीमातेकडे मागणं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा तो तिसरा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या मुख्य खेळाडूच्या जागेसाठी रांगेत तिसरा; तीन वर्षं बाहेरच. पण प्रत्येक चालीआधी मैदानाच्या कडेला उभा राहून हातवारे करतो.

"अगं, तुझ्या पोराच्या खुणांवर तर टीम खेळते!" चर्चमध्ये लोरेन म्हणाली.

नाताळात तो घरी आल्यावर मी हे कौतुकाने सांगितलं. तो ताटातले बटाटे चिवडत राहिला.

"आई, खुणा कडेला उभे असलेले आम्ही तिघं करतो. खऱ्या एकाच्याच. माझ्या खोट्या, समोरच्यांना फसवायला."

"मग फसतात ना ते?"

 

"आता तेही बघत नाहीत गं. फक्त तू बघतेस."