इंदा, जेवाय ये

माझा लहानपणापासूनचा डायबेटिस आता इंद्रजीतच्या पेशी सांभाळतात. माझ्या उजव्या हाताच्या स्नायूत बसून त्या इन्शुलिन तयार करतात. माझ्या शरीरानं परक्या समजून त्यांना मारू नये, म्हणून डॉक्टरांनी त्यांची ओळख पुसून मगच त्या आत सोडल्या.

इंद्रजीत अपघातात गेला, तेव्हा घरच्यांनी त्याचं अवयवदान केलं होतं. त्याची आई कस्तुराबाई पत्ता शोधत शिरूरहून दौंडला आमच्या घरी आली. माझा हात मांडीवर घेऊन म्हणाली, "शाहिस्ता, एकडाव हाक मारू का गं त्याला?"

मी मान डोलावली.

"इंदा, जेवाय ये."

दंडावरच्या सेन्सरनं मोबाईल टुणटुणवला. मी घासही न खाता पेशींनी इन्शुलिन सोडलं होतं; साखर झरझर उतरली होती.

"वळख कुठं पुसलीय?" म्हणत ती हाताला गाल लावून रडली.

मग ती दर शुक्रवारी यायची. हाक मारायची, साखर उतरली की मला भाकर भरवायची. डॉक्टर म्हणाले, योगायोग. शुक्रवारची वाट मी बघायचे की माझा हात, कुणास ठाऊक.

मागच्या आठवड्यात कस्तुराबाई वारली. मी मातीला जाऊन आले.

आज कुरकुंभच्या कंपनीत, डबा उघडायच्या आधीच मोबाईल टुणटुणला. मशिनच्या आवाजात मला कसलीच हाक ऐकू आली नव्हती. हात मात्र ऊन ऊन झाला.

घरी अम्मीनं बोलावलं की मी "आले" म्हणते.

आत्ता तोंडून निघालं, "आलो गं, आये."