काळी स्क्रीन

दोघांनी मिळून बनवलेली, कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स सिस्टीम गौरांग एकटाच अमरावतीला नोकरी देणाऱ्या कंपनीवाल्यांना दाखवणार, हे नितेशला तिसऱ्याच्याच तोंडून कळलं. त्यानं सिस्टीमचा पेन ड्राइव्ह गौरांगच्या हाती दिला. फक्त त्याआधी सिस्टीम सुरू करणारी फाइल त्यातून उडवून टाकली.

अपेक्षेप्रमाणे फोन आलाच. "नितेश, स्क्रीन काळीच आहे बे!"

"दुसऱ्या पोर्टात लावून पाह्य."

"लावला. बूट मेन्यूत यूएसबी बी निवडलं. सुरूच होऊन नाही राहिलं!"

"मंग मले नाही माहीत," अकोल्यात बसलेला नितेश गालातल्या गालात हसत म्हणाला.



"उठून चालले रे ते," गौरांग म्हणाला. "तू चार लोकांत अडखळतो म्हणून दाखवाले मी आलो, नोकरीसाठी नाव तं तुझंच देल्लं होतं."