एकोणतिसावा दिवस

सलग तीस दिवस अंथरूण कोरडं राहिलं तर शाळेच्या शिबिराला पाठवायचं, असं आईनं लेकीला कबूल केलं होतं. आज एकोणतिसावा दिवस. आईनं स्वतः चादर चाचपली, लेकीची पापी घेतली आणि पोरगी आजोबांच्या खोलीत धावली. “या, तलावबाई! आज किती पाणी?” आजोबांनी रोजच्यासारखं विचारलं. ती खुशीत त्यांच्या गादीवर बसली आणि ताडकन उठली. “आई, आजोबांची गादी ओली आहे!” आजोबांनी पांघरूण कमरेभोवती गुंडाळलं. “माझी? आत्ता तूच बसलीस ना इथं?” दारात आलेल्या आईनं दोघांकडं पाहिलं. लेक रडेल आणि संध्याकाळपर्यंत विसरेल. सासरे मरेपर्यंत डूख धरतील. “सॉरी म्हण आजोबांना,” ती म्हणाली. पोरगी बघतच राहिली. मग पुटपुटली, “सॉरी.” “जाऊ दे गं सूनबाई, लहान आहे,” आजोबा उदारपणे म्हणाले. “शिबिराला पुढच्या वर्षी जाईल.”