नाल्याची तब्येत

नाला जिवंत निघाला तर दोन्ही काठांवर हरित पट्टा होणार आणि आनंदीबाईचं घर पाडणार, हे अख्ख्या पाऱ्याला, सगळ्या वस्तीला माहीत होतं. तपासणीला आलेल्या मोनालीला तिने विचारलं, "मेला का नाला, दीदी?"

"नाही मावशी, तीन मासोळ्या सापडल्या. उद्या परत बघून रिपोर्ट लिहिते."

"हव. उद्या चहा पिऊनच जा."

दुसऱ्या दिवशी नाल्याला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. जाळीत काहीच आलं नाही. मोनालीने 'मृत' असं लिहिलं आणि चहा घेतला.

महिन्याभरात नोटीस आली. मृत नाल्यावर स्लॅब टाकून मोठा रस्ता होणार, काठावरची घरं आठ दिवसांत रिकामी करा.

उरल्याच्या कारखान्यातून ड्युटी करून आलेल्या आनंदीबाईच्या नवऱ्याने ती दोनदा वाचली.

"आता रस्ता काय टाकून मारशील वं?"