उन्हाचं औषध

गोदावरीकाकूंच्या कपाळावर, बरोबर कुंकवाच्या जागी, न भरणारी जखम झाली होती. विधवा बाई, कपाळ दाखवायलाही संकोचत होत्या. विलायती मासिकात वाचलेला उपाय म्हणून डॉक्टरांनी जखमेवर लाल रंग लावला आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

“नुसत्या रंगानं काही होत नाही, काकू. तो ऊन शोषून घेतो, मग रोग जाळतो. रोज लावून उन्हात बसा. आपल्या सोलापुरात उन्हाला काय तोटा?”

उन्हाळा सरल्यावर काकू आल्या, तेव्हा जखम डोळ्यापर्यंत पसरली होती.

“रंग लावला नाहीत?”

“लावला की. रोज लावला.”

“उन्हात बसून?”

“कोठीच्या खोलीत, दार लावून. असं लाल कपाळ घेऊन मी अंगणात कशी बसणार?”

डॉक्टरांची नजर फळीवरच्या निळ्या बाटलीकडे गेली.

“निळ्या रंगानंही हेच काम झालं असतं, काकू. माझ्या ध्यानातच आलं नाही. आता मात्र कशाचाच उपयोग नाही.”

काकूंनी कपाळावरचा पदर मागे सारला.

“मग लालच लावा. आज अंगणात बसते.”